पाठराखा : कंपनीतील स्वयंसेवक आणि आधाराला पारखे मूल



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या गुणांचे वर्णन करण्यापेक्षा त्यांच्या कार्याशी नाते सांगणाऱ्या एखाद्या प्रश्नाचा विचार करणे अधिक उचित, असे मला वाटते. शाळेच्या चालकांनी विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी भाषेचा आणि साहित्याचा अध्यापक. समाजकार्य हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. तथापि निवृत्तीनंतरची काही वर्षे मी दर शनिवारी नामपल्ली परिसरातील एका बालगृहात मुलांच्या वाचनाला मदत करण्यासाठी जात आलो आहे. तेथे जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

विषय थोडक्यात असा. आपल्या शहरातील मोठमोठ्या कंपन्यांतील तरुण कर्मचारी एखाद्या सेवाभावी संस्थेच्या द्वारा अशा मुलांपर्यंत पोहोचतात की ज्यांच्या पाठीशी घर नाही, किंवा घर असूनही आधार नाही. कर्मचारी आठवड्यातून तास-दोन तास एका मुलाला देतो. त्याच्याशी बोलतो, अभ्यास घेतो, पुढचा मार्ग दाखवितो. हे काम वरून दिसते तितके सोपे नाही. ते नीट झाले तर मुलाचे आयुष्य वळणावर येते. अर्ध्यावर सोडले तर मात्र मुलाची हानी होते. ही हानी कशी होते आणि ती टाळावी कशी, हा आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

१. एका शब्दाचा शोध

इंग्रजीत या स्वयंसेवकाला ‘मेंटॉर’ म्हणतात. हा शब्द मुळात एक विशेषनाम आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धावर निघालेला ओडिसियस आपले घर मेंटॉर नावाच्या वयस्क मित्रावर सोपवून जातो. पुढे त्याच मेंटॉरचे रूप घेऊन अथीना देवी ओडिसियसच्या मुलाला, टेलेमेकसला, धीर देते आणि त्याच्याबरोबर प्रवासाला निघते. १६९९ साली फेनेलाँ या फ्रेंच लेखकाने याच टेलेमेकसवर कादंबरी लिहिली. तीत मेंटॉरला मोठे स्थान मिळाले आणि कालांतराने विशेषनामाचे सामान्यनाम झाले.

मराठीत याला कोणता शब्द योजावा? ‘गुरू’ म्हटले की अधिकार आला आणि शिष्याची नम्रता आली. ‘मार्गदर्शक’ म्हटले की परीक्षेचे पुस्तक डोळ्यांपुढे येते. ‘पालक’ म्हणावे तर तो कायद्याचा शब्द आहे. मुलाचे आईवडील हयात असताना तो वापरणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल. मला आपल्या लग्नसोहळ्यातील एक जुना शब्द अधिक जवळचा वाटतो. नवी नवरी प्रथम सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एखादी जाणती स्त्री जात असे. तिला ‘पाठराखीण’ म्हणत. सासरच्या कारभारात तिने लक्ष घालावयाचे नसे, नवरीच्या वतीने भांडावयाचे नसे. परक्या घरात एक ओळखीचा चेहरा असावा, एवढेच तिचे काम. आणि विशेष म्हणजे ती किती दिवसांनी परतणार, हे नवरीला आधीच ठाऊक असे. सोबत, संयम आणि ठरलेला निरोप या तिन्ही गोष्टी या एका शब्दात आहेत. म्हणून मी येथे ‘पाठराखा’ हा शब्द योजतो. स्त्री-स्वयंसेवकांसाठी ‘पाठराखीण’ आहेच.

२. आपल्या परंपरेतील रूपे

परक्याच्या मुलाला आधार देण्याची रीत आपल्याला नवी नाही. गरीब विद्यार्थी शहरात शिकावयास आला की तो ‘वार लावून’ जेवत असे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, असा आठवड्याचा क्रम ठरे. कोणी माधुकरी मागून शिके. या पद्धतीत अन्नाबरोबर आणखी एक गोष्ट मिळे : सात घरांतील सात प्रौढ माणसांना त्या मुलाचे नाव, त्याची इयत्ता आणि त्याचा निकाल ठाऊक असे. एखाद्या वारी तो आला नाही, तर कोणीतरी चौकशी करी. अर्थात या पद्धतीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे दरवाजे बहुतांशी विशिष्ट जातीच्या मुलांसाठीच उघडे होते, आणि त्या आधारात उपकाराची टोचणीही पुष्कळदा असे.

ही मर्यादा ओलांडण्याचे मोठे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटील यांना आहे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू करून तेथे सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घातले. त्यापूर्वी भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकण्याचे काम केले होते. एका कारखान्याच्या मालाच्या निमित्ताने खेडोपाडी हिंडलेला हा माणूस त्या खेड्यांतील मुलांचा पाठराखा झाला, ही गोष्ट आजच्या विषयाच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे.

हैदराबादकरांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण सांगतो. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. साहजिकच तेथील अनेक मुले उच्च शिक्षणासाठी या शहरात येत. वसमतजवळच्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर त्यांतलेच. येथे त्यांना मामांचे, म्हणजे उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक डॉ. नारायणराव नांदापूरकर यांचे, घर लाभले. कुरुंदकरांना इंटरच्या परीक्षेत अपयश आले. परंतु पुढे हाच विद्यार्थी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाला आणि महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनातील एक अग्रगण्य नाव ठरला. कुरुंदकरांची प्रज्ञा त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. तथापि परीक्षेतील अपयश ही आयुष्याची इतिश्री नव्हे, असे मानणारी माणसे आणि पुस्तकांनी भरलेले घर ज्याला लाभते, त्याचा मार्ग निराळा होतो. प्रश्न असा की, ज्या मुलाला असा मामा नाही, त्याने काय करावे?

३. शहराची दोन टोके

आपण आज जेथे जमलो आहोत, ते आबिड्स एकेकाळी या शहराचे हृदय मानले जाई. सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या, सेवेतील अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या भागाला नाव पडले. मोठे पोस्ट, जुन्या नामांकित शाळा, पुस्तकांची दुकाने, सारे येथेच. १९९८ साली माधापूर येथे सायबर टॉवर्स उभी राहिली आणि शहराचा कल पश्चिमेकडे झुकला. आज नामपल्लीहून मेट्रोने निघावे, अमीरपेठला गाडी बदलावी आणि हायटेक सिटीला उतरावे. जगभरच्या कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत, आणि या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी त्यांत काम करतात.

मेट्रोच्या या टोकाला नामपल्लीचे रेल्वे स्थानक आहे. घरातून पळालेली, हरवलेली, कामासाठी आणलेली मुले अशा स्थानकांवर उतरतात. जानेवारी २०१५ मध्ये जुन्या शहरात पोलिसांनी बांगड्यांच्या कारखान्यांवर छापे घातले, तेव्हा दोनशेहून अधिक मुले सापडली. त्यांतील बहुतेक बिहारमधून आणलेली होती. चारमिनारजवळच्या लाड बाजारातील बांगड्यांची झळाळी आपण सारे पाहतो. ती घडविणाऱ्या हातांतील काही हात इतके लहान होते, हे त्या दिवशी कळले.

या प्रश्नावर याच शहरातून एक मोठे काम उभे राहिले आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या ममिडिपुडी वेंकटरंगय्या फाउंडेशनने १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात बालमजुरीविरुद्ध चळवळ चालविली. हैदराबाद विद्यापीठातील प्राध्यापिका शांता सिन्हा यांनी तिचे नेतृत्व केले आणि २००३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शाळेत नसलेले प्रत्येक मूल हे कामगार मूलच होय, ही या चळवळीची भूमिका. कामावरून सोडविलेल्या मुलांना थेट वर्गात बसविले तर ती टिकत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी निवासी ‘सेतुवर्ग’ योजले गेले. हे काम गावोगावच्या शिकलेल्या तरुणांनी केले. ते त्याच गावचे असल्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात येणार का?’ हा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवतच नसे. कंपनीतून येणाऱ्या स्वयंसेवकाचा विचार करताना हा फरक विसरून चालणार नाही.

४. कंपन्या या क्षेत्रात कशा आल्या

कंपन्यांचा दानधर्म जुना आहे. परंतु त्याला कायद्याचे बंधन आले ते अलीकडे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक होता, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावेत, असे या कलमाने ठरविले. शिक्षण हे त्यातील एक मान्य क्षेत्र आहे. यामुळे सेवाभावी संस्था आणि कंपन्या यांची भागीदारी वाढली. कंपनी पैसा देते, आणि त्यासोबत पुष्कळदा आपली माणसेही पाठविते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. कायदा खर्च झालेला पैसा मोजतो. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे मूल्य रुपयांत काढून ते या खर्चात धरता येणार नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली स्पष्ट केले; कर्मचाऱ्यांच्या सहभागाला उत्तेजन मात्र द्यावे, असेही म्हटले. म्हणजे कर्मचाऱ्याचा तास हा कायद्याच्या हिशेबाबाहेरचा आहे. तो निखळ स्वेच्छेचा आहे, ही त्याची शोभा. आणि कार्यालयात कामाची घाई झाली की पहिली कात्री त्यालाच लागते, हे त्याचे दुबळेपण.

आपल्या देशात या कामाला वाहिलेल्या संस्थाही निघाल्या आहेत. २००६ साली कोचीत सुरू झालेल्या ‘मेक अ डिफरन्स’ या संस्थेचे तरुण स्वयंसेवक बालगृहांतील मुलांसाठी काम करतात. हैदराबादेतही तिचे काम पोहोचले. २००९ साली बंगळुरू येथे स्थापन झालेली ‘मेंटॉर टुगेदर’ ही संस्था तर एकास एक सोबत या कल्पनेवरच उभी आहे.

५. व्यवस्था चालते कशी

चांगल्या संस्थेतील पद्धत साधारणतः अशी असते. प्रथम कंपनी आणि संस्था यांच्यात करार होतो. इच्छुक कर्मचाऱ्यांची मुलाखत घेतात, पोलिसांकडून पडताळणी होते आणि मग काही दिवसांचे प्रशिक्षण. त्यानंतर जोडी जुळवितात. मुलाची भाषा, वय, आवड आणि स्वयंसेवकाचा स्वभाव यांचा मेळ पाहावा लागतो. भेटीचा वार आणि वेळ ठरते. भेट संस्थेच्या आवारात, इतरांच्या दृष्टीसमोर होते. संस्थेचा एक समाजसेवक दर महिन्याला स्वयंसेवकाशी आणि मुलाशी स्वतंत्रपणे बोलतो. या समाजसेवकाच्या पगाराची तरतूद बहुतेक करारांत सर्वांत शेवटी केली जाते. वस्तुतः साऱ्या व्यवस्थेचा खांब तोच असतो.

भेटीत काय करावयाचे? नवख्या स्वयंसेवकाला वाटते की, उपदेश करावा, यशस्वी लोकांच्या कथा सांगाव्यात. मुलाला त्याहून साध्या गोष्टींची गरज असते. बँकेत खाते कसे उघडतात, जातीच्या दाखल्यासाठी कोठे जावे, दहावीनंतर आयटीआय म्हणजे काय आणि पॉलिटेक्निक म्हणजे काय, मुलाखतीला बसल्यावर हात कोठे ठेवावेत, या साऱ्या गोष्टी सुस्थित घरातील मूल न शिकविता शिकते. आधारहीन मुलाला त्या कोणीतरी सांगाव्या लागतात. आणि त्याहीपेक्षा, त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणारा कोणी लागतो.

६. पुरावा काय सांगतो

चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा परिणाम चांगलाच होतो, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची कसोटी पाहणारे काही प्रदीर्घ अभ्यास झाले आहेत.

हवाई बेटांपैकी कावाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले चाळिशीला येईपर्यंत घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी विश्वासाचे माणूस सातत्याने होते. कोठे आजी, कोठे शेजारी, कोठे शिक्षक.

असे माणूस बाहेरून आणून देता येते काय? अमेरिकेत १९०४ पासून ‘थोरला भाऊ, थोरली बहीण’ या कल्पनेवर एक चळवळ चालू आहे. तिच्या आठ केंद्रांतील १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना सोबती दिला, निम्मी प्रतीक्षा यादीत राहिली. दीड वर्षानंतर असे दिसले की, सोबती लाभलेल्या मुलांत मादक द्रव्यांकडे प्रथम वळण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते आणि शाळा बुडविलेले दिवस जवळजवळ निम्मे होते.

एवढ्यावर थांबलो तर चित्र फार गोजिरे होईल. २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी याच माहितीचा पुन्हा विचार केला आणि एक प्रश्न विचारला : नाते किती काळ टिकले? ज्या जोड्या एक वर्ष वा अधिक टिकल्या, त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतील मुलांचा स्वतःच्या योग्यतेवरचा विश्वास पूर्वीपेक्षाही घटला.

आणखी एक अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेतील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून ५०६ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना सल्लागार, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सारे मिळाले. तीस वर्षांनंतर जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी बहुसंख्यांनी सांगितले की, त्या मदतीचा आपल्याला उपयोग झाला. प्रत्यक्षात मात्र व्यसन, आजार, पुन्हापुन्हा घडलेले गुन्हे अशा कित्येक बाबतींत त्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. शिबिरांत बिघडलेली मुले एकत्र आली आणि एकमेकांपासून बिघाड शिकली, असे एक कारण पुढे मांडले गेले.

अमेरिकेतील आकडे हैदराबादला जसेच्या तसे लावावयाचे नसतात. परंतु दोन बोध स्वीकारण्यास हरकत नाही. पहिला हा की, ‘कार्यक्रम आवडला’ असे मुलाने कागदावर लिहून देणे हा त्याचे हित झाल्याचा पुरावा नव्हे. दुसरा हा की, ज्या मुलाला मोठ्या माणसांनी आधीच एकदा सोडले आहे, त्याच्या आयुष्यात थोडे दिवस डोकावून निघून जाणे हे तटस्थ कृत्य नाही. ‘मीच असा आहे की माझ्यापाशी कोणी टिकत नाही’, हा समज त्यातून पक्का होतो.

७. तीन दोष आणि त्यांवरील उपाय

या पार्श्वभूमीवर येथील कामात वारंवार दिसणारे तीन दोष सांगतो.

पहिला दोष एका दिवसाच्या उत्सवाचा. मी जेथे जातो तेथे एका कंपनीचे कर्मचारी एकदा सारखे सदरे घालून आले. भिंत रंगविली, खाऊ वाटला, गाणी म्हटली, पुन्हा येण्याचे आश्वासन दिले. त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु पुढचे कित्येक शनिवार एक मुलगा दारातून रस्ता पाहत उभा राही आणि मला विचारी, ‘वो भैया लोगां कब आते?’ भिंत रंगविण्यात गैर काही नाही. येण्याचा निश्चय नसेल तर आश्वासन देऊ नये, इतकेच.

दुसरा दोष छायाचित्रांचा. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या ७४ व्या कलमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. कंपनीच्या वार्षिक अहवालासाठी काढलेले हसऱ्या मुलाचे छायाचित्रही यातून सुटत नाही. गुप्ततेला दुसरी बाजूही आहे. ‘तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन स्वयंसेवकाने मुलाला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी जरूर तेवढेच आणि योग्य माणसालाच सांगेन’, हे खरे वचन होय.

तिसरा आणि सर्वांत गंभीर दोष अर्ध्यावर निघून जाण्याचा. बदली होते, नोकरी सुटते, लग्न ठरते, अमेरिकेचा व्हिसा मिळतो. यांपैकी एकाही गोष्टीबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु या साऱ्यांची शक्यता आधीच ठाऊक असते, म्हणून तिची तजवीजही आधीच करता येते. प्रारंभीच बारा महिन्यांची मुदत ठरवावी आणि ती मुलाला दिनदर्शिकेवर दाखवावी. ज्याला वर्षभराची खात्री नाही, त्याला एका मुलाशी न जोडता ग्रंथालय, संगणकवर्ग, हिशेब अशी कामे द्यावीत. तीही तितकीच मोलाची आहेत. मध्येच जाणे भाग पडले, तर किमान दोन-तीन भेटी निरोपासाठी राखाव्यात, जाण्याचे खरे कारण सांगावे, ‘फोन करीन’ असे म्हणावयाचे असेल तर कोणत्या वारी ते ठरवावे. आणि कंपनीने आपल्या अहवालात ‘स्वयंसेवेचे एकूण तास’ या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापावा : वर्ष पूर्ण केलेल्या जोड्या किती? हा आकडा लहान असेल, पण कामाचे खरे स्वरूप त्यातूनच कळेल. कंपनीच्या वरिष्ठांनी एवढे पाहावे की, त्या ठरलेल्या तासाला बैठक लावली जाणार नाही.

८. भाषेचा सेतू

माझ्या विषयाकडे क्षणभर वळतो. या शहरातील अशा मुलांच्या तोंडी तेलुगू असते, दखनी असते, लंबाडी असते. नांदेड-लातूरकडून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांची मराठीही असते. स्वयंसेवक देशभरातून आलेला, इंग्रजीत सहज वावरणारा. पहिल्याच भेटीत मूल गप्प बसते आणि स्वयंसेवकाला ते मंद वाटते. वास्तविक ते मूल तीन भाषांत व्यवहार करते. त्याला चौथी येत नाही, इतकेच.

हैदराबादच्या दखनीकडे आपण थट्टेने पाहतो. पण ती स्वतःच शेकडो वर्षांच्या शेजारधर्माचे फळ आहे. तिच्यातील ‘नक्को’ आपल्या मराठीतून गेला, आणि शब्दाला जोर देणारा ‘च’देखील. जी भाषा अशी चहूकडून शब्द घेते, ती परक्याला लवकर आपले म्हणते. स्वयंसेवकाने मुलाची भाषा, मोडकी का होईना, शिकावी आणि मुलाला आपली चूक सुधारू द्यावी. त्या क्षणी मूल शिक्षक होते आणि प्रौढ विद्यार्थी. आजवर केवळ घेणाऱ्याच्या जागी बसविलेल्या मुलाला देण्याची संधी मिळते. उपकाराच्या ज्या टोचणीचा मी वर उल्लेख केला, तिच्यावर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही.

९. माजी विद्यार्थ्यांकडे मागणे

रविवारी आबिड्सची दुकाने बंद असतात आणि पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यातील पहिले स्वतःचे पुस्तक तेथेच घेतले असेल. संस्थेच्या अनुमतीने आणि तिच्या कार्यकर्त्यासह एका मुलाला तेथे न्यावे, त्याच्या हाती थोडे पैसे द्यावेत आणि पुस्तक त्यालाच निवडू द्यावे. त्याने आपल्याला न आवडणारे पुस्तक निवडले तरी मध्ये बोलू नये. अशा कामाला मोठ्या निधीची गरज लागत नाही.

या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने एक छोटी योजना हाती घ्यावी, असे मी सुचवितो. एकच नोंदणीकृत संस्था निवडावी. पहिल्या वर्षी फार तर दहा मुले घ्यावीत. पाठराखे दहाच असावेत, परंतु त्यांच्या मागे दोन-तीन राखीव असावेत आणि मुलांना त्यांचीही ओळख असावी. म्हणजे कोणी परगावी गेला तर मुलासमोर अगदी अनोळखी चेहरा येणार नाही. मंडळाने वर्गणीतून संस्थेच्या समाजसेवकाच्या पगाराचा काही भाग उचलावा. वर्षाअखेरीस या सभागृहात किती मुलांची जोडी टिकली, किती मुले शाळेत टिकली आणि कोणत्या जोड्या का मोडल्या, याचा प्रांजळ अहवाल वाचावा. मुलांची नावे न सांगता आणि छायाचित्रे न लावता.

ही शाळा आपल्याला काय देऊन गेली, याचा विचार केला तर प्रत्येकाला एखादे शिक्षक आठवतील. त्यांनी शिकविलेला धडा आपण विसरलो असू. परंतु ते दररोज ठरलेल्या वेळी वर्गात आले, हे आपण गृहीत धरीत होतो आणि त्या गृहीतावर आपले बालपण उभे होते. ज्या मुलांच्या आयुष्यात असे गृहीत धरण्याजोगे काहीच नाही, त्यांना आठवड्यातला एक निश्चित तास देणे हे आपल्यापैकी पुष्कळांच्या आवाक्यातले आहे. जे हे काम पत्करतील, त्यांनी प्रथम आपल्या दिनदर्शिकेतील बावन्न शनिवार नीट पाहून घ्यावेत आणि जितके खरोखर देता येतील तितकेच द्यावेत.